बिस्किटे पाडून देणारी भट्टी आणि आमचे नाताळचे केक

जुन्या जालन्यात आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर एक बेकरी आहे. तिच्या भिंतीवर ‘येथे बिस्किटे पाडून मिळतील’ एवढीच ओळ रंगवलेली आहे. दुकानाला नाव असेलही, परंतु ते नाव घेऊन कोणी पत्ता सांगितल्याचे मला आठवत नाही. सगळा परिसर तिला केवळ भट्टी म्हणतो. वर्षभर तेथे पहाटे पाव निघतो, दुपारी खारी आणि टोस्ट निघतात, आणि आसपासच्या गावांतून कणीक, साखर, तूप व दूध घेऊन आलेली मंडळी पत्र्याचे डबे भरून बिस्किटे पाडून नेतात. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात मात्र या भट्टीवर आणखी एक काम चालते, आणि हे परीक्षण त्या कामाचे आहे: घरी कालवून आणलेले नाताळच्या केकचे मिश्रण आणि घरी मळलेली नानकटाई भाजून देणे. मी ही सेवा सलग दोन नाताळ वापरली. दोन वर्षांत मिळून अकरा केक आणि सुमारे नऊ किलो नानकटाई तेथून भाजून आणली. त्यांपैकी एक केक बिघडला आणि एक हरवून परत मिळाला. परंतु बिघडलेला सोडला तर बाकीचे दहाही केक, त्याआधीची सात वर्षे माझ्या घरच्या विजेच्या ओव्हनमधून निघालेल्या कोणत्याही केकपेक्षा सरस होते. असे का झाले, हे सांगितल्याशिवाय नुसती शिफारस करण्यात अर्थ नाही.

मराठी ख्रिस्ती घरांतला नाताळचा फराळ बाहेरच्या माणसाला दिवाळीचाच वाटावा असा असतो. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, चिवडा, रव्याचे लाडू हे सगळे कढईचे आणि परातीचे काम आहे, आणि ते ज्याच्या त्याच्या स्वयंपाकघरात व्यवस्थित होते. अडचण येते ती फक्त दोन जिनसांची, केकची आणि नानकटाईची, कारण त्यांना चारही बाजूंनी कोरडी आच लागते आणि आपल्या चुलीची रचना मुळात खालून आच देण्याची आहे. ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ वसवलेल्या बेथेल या ख्रिस्ती वस्तीत माझ्या सासूबाईंचे माहेर. त्यांच्याकडे जाड पितळी पातेल्यात वाळू तापवून, तीवर केकचा डबा ठेवून, वर लोखंडी तव्यात निखारे पसरून केक भाजत. पुढे शिटी आणि रबर काढलेल्या कुकरमध्ये मीठ घालून भाजण्याची पद्धत आली. दोन्ही पद्धतींनी साधा केक बऱ्यापैकी होतो. सुक्या मेव्याने गच्च भरलेला, काळसर, महिनाभर टिकणारा नाताळचा केक मात्र तळाला करपतो आणि पोटात ओला राहतो. आपल्या देशातला नाताळचा केक घरच्या चुलीवर जन्मलेलाच नाही, ही गोष्ट येथे लक्षात ठेवण्यासारखी आहे. केरळातल्या तलशेरी येथे १८८३ साली मांबळी बापू यांनी मर्डॉक ब्राउन या ब्रिटिश मळेवाल्यासाठी तो प्रथम भाजला असे सांगितले जाते, आणि बापूंचा व्यवसाय बिस्किटांच्या बेकरीचा होता. म्हणजे बिस्किटाची भट्टी आणि हा केक यांचे नाते पहिल्या दिवसापासूनचे आहे. आम्हीच मध्ये काही वर्षे ते विसरलो होतो.

भट्टीची रचना समजून घेतली की पुढचे सगळे समजते. ती विटांची, आतून घुमटाच्या आकाराची, एकच लोखंडी दार असलेली खोली आहे. रात्री तिच्यात बाभळीची लाकडे पेटवतात, विटा तापल्या की निखारे ओढून बाहेर काढतात, आणि लांब बांबूला बांधलेल्या ओल्या गोणपाटाने आतली फरशी पुसून घेतात. त्यानंतर त्या खोलीत विस्तव असा उरत नाही. उरते ती विटांनी पिऊन ठेवलेली उष्णता, आणि ती पुढचे अठरा-वीस तास सावकाश उतरत जाते. चढ्या आचेवर पाव, ती थोडी बसल्यावर खारी, मग टोस्ट, संध्याकाळी बिस्किटे आणि नानकटाई, आणि सर्वांत शेवटी, रात्री नऊ-साडेनऊनंतर, केक. येथे आच वाढवायची किंवा कमी करायची सोय नसते. जिन्नसच आचेच्या उतरंडीवर आपली जागा धरून बसतो. कारागीर उष्णता मोजण्यासाठी फरशीवर मूठभर मैदा फेकतात. मैदा लगेच काळवंडला तर भट्टी अजून पावाची, सावकाश बदामी झाला तर नानकटाईची, आणि बराच वेळ नुसता पिवळसर होत राहिला तर केकची. उत्सुकतेपोटी मी एकदा माझा ओव्हनचा तापमापक आत ठेवायला दिला होता. केक आत गेले तेव्हा तो १६० अंश सेल्सिअस दाखवत होता, आणि तीन तासांनी डबे बाहेर काढताना १३५.

जड फळांच्या केकला नेमके हेच हवे असते. त्यात पिठाच्या दुपटीहून अधिक वजनाचा मेवा असल्यामुळे उष्णता आतपर्यंत पोचायला फार वेळ लागतो. आच आरंभी जास्त असली किंवा शेवटपर्यंत तेवढीच राहिली, तर वरचा थर आधी कडक होतो, आतले मिश्रण नंतर फुगू पाहते आणि मधोमध भेग पडते. शिवाय बाहेरचे मनुके करपून कडू होतात. उतरत्या आचेत कवच उशिरा धरते आणि माथा सपाट राहतो. आणखी एक गोष्ट मला तेथे उभी राहूनच कळली. एका वेळी तीस-चाळीस डबे आत असतात आणि दार बंद असते, त्यामुळे त्या सगळ्यांतून निघालेली वाफ आतच कोंडून राहते व केकचा माथा चामड्यासारखा वाळत नाही. घरच्या एकट्या केकला ही सोबत मिळत नाही.

आता आपल्याकडून काय न्यावे लागते ते सांगते, कारण या सेवेचे यश निम्मे तरी आपल्या डब्यात ठरते. वीस सेंटिमीटर व्यासाच्या एका खोल डब्यासाठी मी २५० ग्रॅम लोणी, २५० ग्रॅम साखर, पाच अंडी, २७५ ग्रॅम मैदा आणि ६०० ग्रॅम सुका मेवा घेते. साखरेतली १०० ग्रॅम जाळण्यासाठी बाजूला काढते. लोखंडी कढईत मंद आचेवर ती आधी विरघळते, मग सोनेरी होते, मग तांबडी, आणि बहुतेक जण येथेच घाबरून थांबतात. थांबायचे नाही. कडेने धूर निघू लागला आणि रंग गडद कॉफीसारखा झाला की आच बंद करून अर्धी वाटी उकळते पाणी धारेने घालायचे. थंड पाणी घातले तर पाक अंगावर उडतो आणि खाली त्याचा दगड होतो. केकचा काळेपणा आणि तो किंचित कडवट पोक्तपणा या पाकातून येतो. बाजारातला तयार रंग घातलेला केक दिसायला काळा असतो, पण चवीला पोरकट लागतो.

मेव्यात काळे मनुके, बेदाणे, खजूर, थोडे काजू, आणि संत्र्याच्या सालीऐवजी मोसंबीची साल. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, नोव्हेंबरात बाजारात तिचे ढीग असतात, आणि तरीही केकसाठी सालीचे परगावचे महाग पाकीट आणणारी घरे मी पाहिली आहेत, याचे मला आश्चर्य वाटते. सालीचा कडवटपणा मुख्यतः आतल्या पांढऱ्या अस्तरात असतो. ते चमच्याने खरवडून टाकावे, साल तीन वेळा पाणी बदलून उकळावी, आणि मग सालीच्या वजनाएवढ्या साखरेत ती पारदर्शक होईपर्यंत मंद आचेवर शिजवावी. मोसंबीची साल संत्र्यापेक्षा घट्ट असल्यामुळे दुसऱ्या उकळीनंतर ती मऊ झाल्यासारखी वाटली तरी तिसरी उकळी टाळू नये. तुटीफ्रुटी मी घालत नाही. ती कच्च्या पपईची असते, तिला स्वतःची चव नसते, आणि तिचा लाल-हिरवा रंग जळक्या साखरेच्या केकमध्ये दिसतही नाही.

आमच्या घरात दारू वापरत नाहीत, म्हणून मेवा मोसंबीच्या कोमट रसात भिजतो. रममध्ये भिजवलेला मेवा महिनोन्‌महिने टिकतो, रसातला टिकत नाही. तो फ्रिजमध्येच ठेवावा आणि तीन दिवसांत वापरावा. या फरकामुळे भट्टीची तारीख आधी ठरवून मग मेवा भिजवावा लागतो. पहिल्या वर्षी मी उलट केले आणि ऐनवेळी एका बरणीला आंबूस वास आल्यामुळे ती टाकून द्यावी लागली. जायफळ, दालचिनी, सुंठ आणि दोनच लवंगा एकत्र कुटून घालते. डिसेंबरातल्या जालन्याच्या थंडीत लोणी दगडासारखे असते आणि अंडी गार असतात. ती तशीच फेटली तर मिश्रण फुटते. सालासकट अंडी दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवली की हा प्रश्न उरत नाही.

भट्टीवर मिश्रण नेण्याची वेळ रात्री आठची. डब्याला आतून खाकी कागदाचे तीन थर लावून न्यावे असे तेथे सांगतात. घरच्या ओव्हनसाठी आपण बाहेरूनही वर्तमानपत्राची पट्टी सुतळीने बांधतो, ती तेथे चालत नाही; कोपऱ्यात एखादा निखारा राहिला असेल तर सगळ्यांच्या डब्यांना धूर लागेल, हे त्यांचे कारण मला पटले. मिश्रण भरलेला डबा तेथे तराजूवर ठेवतात, वहीत वजन लिहितात, आणि डब्याच्या कडेला खिळ्याने आकडा कोरलेला पत्र्याचा बिल्ला अडकवतात. मग रांगेत थांबायचे. त्या रांगेत करंज्यांच्या सारणापासून मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, गायनवर्गापर्यंत सर्व विषय निघतात, आणि कोणाच्या डब्यात अंडी किती यावर जरा जास्तच चर्चा होते. आमच्या मागच्या गल्लीतल्या एक मावशी नाताळ मानत नाहीत, तरीही दरवर्षी नातवंडांसाठी एक केक कालवून आणतात, आणि त्यांचा केक माझ्यापेक्षा हलका होतो, हे येथे नोंदवून ठेवणे मला भाग आहे.

पहिल्या वर्षीच्या बिघडलेल्या केकची हकीकत याच वेळेशी निगडित आहे. पुण्याहून येणारे पाहुणे रात्री पोचणार होते आणि मला लवकर घरी परतायचे होते, म्हणून मी एक डबा सात वाजताच, नानकटाईच्या शेवटच्या पत्र्यांबरोबर आत सरकवायला सांगितले. भट्टीचे मालक, ज्यांना आम्ही सगळेच चाचा म्हणतो, एवढेच म्हणाले, “बाई, जल्दी नक्को करो, भट्टी उतरने दो.” मी ऐकले नाही. दीड तासात वरचा थर कोळशासारखा झाला आणि सुरी घातल्यावर आतून पातळ मिश्रण बाहेर आले. चूक माझीच होती. तरीसुद्धा एक ग्राहक म्हणून माझे मत असे आहे की ज्या वेळी काम बिघडणार हे ठाऊक असते त्या वेळी डबा घेण्यास स्पष्ट नकार द्यावा. सौजन्याने दिलेला इशारा घाईत असलेल्या माणसाला ऐकू येत नाही. त्या डब्याची भाजणावळ त्यांनी घेतली नाही, हेही सांगितले पाहिजे.

वेळेवर गेलेले केक मात्र पाहण्यासारखे निघाले. माथा सपाट, कडा डब्यापासून नुकती सुटलेली, रंग तळापासून वरपर्यंत एकसारखा. दुसऱ्या दिवशी कापल्यावर फोड भुगा न होता धरून राहिली आणि मेवा तळाला बसलेला नव्हता. २१ डिसेंबरला भाजलेल्या केकपैकी शेवटचा आम्ही १२ जानेवारीला संपवला, तेव्हाही तो कोरडा पडला नव्हता. लाकडाचा वास लागतो का, असे मला अनेकांनी विचारले आहे. लागतो, अगदी पुसटसा, तोही वरच्या कागदाला अधिक. मला तो जळक्या साखरेशी जुळणारा वाटतो. माझ्या नवऱ्याला तो आवडत नाही, आणि ते आपली फोड वरचा थर काढून खातात.

घरच्या ओव्हनशी तुलना करताना पैशांचा मुद्दा मी फार पुढे करणार नाही. गेल्या नाताळात तेथे केकच्या मिश्रणाला किलोमागे ७० रुपये भाजणावळ होती, म्हणजे माझ्या एका डब्याला सुमारे १२० रुपये. माझा पंधराशे वॅटचा ओव्हन तोच केक भाजायला दोन ते अडीच युनिट वीज घेतो, म्हणजे घरचे भाजणे स्वस्तच पडते. खरा फरक जागेचा आणि वेळेचा आहे. मध्यम आकाराच्या घरगुती ओव्हनमध्ये असा एकच डबा नीट मावतो आणि त्याला १५० अंशांवर जवळजवळ तीन तास लागतात. सहा केकांचे अठरा तास होतात, आणि आमच्या भागात डिसेंबरात सलग अठरा तास वीज राहील यावर मी पैज लावणार नाही. अर्ध्यात वीज गेलेला केक पुन्हा वर येत नाही. शिवाय लहान ओव्हनमध्ये वरची सळई केकच्या माथ्यापासून जेमतेम पाच-सहा सेंटिमीटरवर असते. तिचा लाल झोत चुकवण्यासाठी वर ताटली झाकावी लागते, डबा फिरवावा लागतो, आणि तापमानाच्या बटणावर लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही. माझ्या ओव्हनचे बटण १५० वर ठेवले तर आत १७५ असतात, हे कळायला मला तीन नाताळ लागले. नव्याने ओव्हन घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी: जुन्या घरांतल्या सहा अँपिअरच्या साध्या प्लगवर पंधराशे वॅटचा ओव्हन चालवू नये, त्याला सोळा अँपिअरची वेगळी जोडणी लागते.

नानकटाईच्या बाबतीत तर तुलनेला जागाच नाही. अर्धा किलो मैदा, १०० ग्रॅम बेसन, ३०० ग्रॅम पिठीसाखर, ३५० ग्रॅम तूप आणि वेलदोडा एवढेच आम्ही घरी मळून नेतो. गोळे करून पत्र्यावर मांडण्याचे काम तेथे आपणच करायचे असते, आणि भट्टीच्या ओट्यावर बसून चार बायकांनी मिळून ते अर्ध्या तासात होते. भाजणावळ पिठाच्या किलोला ८० रुपये. भट्टीतल्या नानकटाईचा तळ करपत नाही, वरच्या भेगा बारीक आणि सारख्या पडतात, आणि तोंडात घातल्यावर ती दाताला न लागता विरघळते. साजूक तूप वापरणाऱ्यांनी गोळे मांडण्यापूर्वी पीठ तासभर थंड ठेवावे, कारण साजूक तूप डालड्याआधी वितळते आणि गोळा आकार धरण्याच्या आतच पसरतो. कारागीर पिठात चिमूटभर अमोनिया, म्हणजे बिस्किटे फुलवण्याची पूड, घालू का, असे विचारतात. बिस्किटात तो चालतो, कारण पातळ जिनसातून त्याचा वास भाजताना उडून जातो. केकसारख्या जाड जिनसात तो कोंडून राहील, म्हणून केकच्या मिश्रणाला तेथे हात लावू देऊ नये. त्यांनी कधी लावलाही नाही.

दोषांची यादी लहान नाही. पहिला दोष ओळख पटवण्याचा. बिल्ल्याची पद्धत दुसऱ्या वर्षी आली. त्याआधी डब्यावर आकडा लिहिलेली कागदाची चिठ्ठी चिकटवत, ती भट्टीत तपकिरी होऊन वाचता येत नसे. माझा हरवलेला केक असाच, सारख्या डब्यामुळे, नवीन जालन्यातल्या एका घरी गेला. तो परत आला तेव्हा त्यातली एक फोड कमी होती, आणि सोबत निरोप होता की केक उत्तम झाला आहे, साखर कशी जाळली ते कळवावे. मी कळवले. दुसरा दोष वेळेचा. रात्री साडेनऊ म्हणजे कधी साडेदहा, आणि २२ डिसेंबरला तर साडेअकरा. मग पहाटे तीनला डबे निघणार, आणि ते घ्यायला सकाळी सातपर्यंत गेले पाहिजे, कारण त्यानंतर पावाच्या गिऱ्हाइकांची गर्दी होते आणि केकचे डबे उघड्या ओट्यावर एकावर एक रचले जातात. गरम केकवर दुसरा डबा ठेवला की माथा दबतो. माझ्या दोन केकांचे तसे झाले. तिसरा दोष शाकाहारी ग्राहकांच्या दृष्टीने: अंड्याचे आणि बिनअंड्याचे केक एकाच फरशीवर, शेजारीशेजारी भाजले जातात. डबे वेगळे असतात, पण ज्यांना तेवढेही चालत नाही त्यांनी घरीच भाजावे. स्वच्छतेबद्दल विचाराल तर भट्टी आतून माझ्या ओव्हनपेक्षा स्वच्छ असते. बाहेरच्या ओट्याबद्दल मला तसे म्हणता येणार नाही.

हलक्या केकसाठी ही सेवा नाही. स्पंज केकचे मिश्रण फेटल्याबरोबर आत गेले पाहिजे, तासभर रांगेत थांबले की त्यातली हवा निघून जाते आणि केक चपटा होतो. मलईची सजावट करायचे केक, कप केक, पेस्ट्री यांसाठी घरचा ओव्हनच योग्य, आणि मीही तो त्यासाठी ठेवला आहे. जड फळांच्या मिश्रणात बेकिंग पावडरचे काम थोडेच असल्यामुळे त्याला हा थांबा बाधत नाही, उलट मेवा आणखी थोडा रस पितो. एकच केक करणाऱ्या कुटुंबानेही रात्रीची ही यातायात करावी का, याबद्दल मी साशंक आहे. तीनपेक्षा जास्त केक असतील आणि नानकटाई दोन किलोच्या वर असेल, तर मात्र मला दुसरा पर्याय सुचत नाही. पाचपैकी चार तारे मी देते. पाचवा त्या ओट्यावर रचलेल्या डब्यांमुळे कापला आहे.

नोंदणी दूरध्वनीवर होत नाही. वही १ डिसेंबरला उघडते, सकाळी अकरा ते एक या वेळेत स्वतः जावे लागते, आणि २१ व २२ तारखेच्या रात्री पहिल्या तीन-चार दिवसांतच भरून जातात. नाव लिहिताना डब्यांची संख्या आणि व्यास सांगावा लागतो, कारण त्यावरून आतली जागा ठरते. पंचवीस सेंटिमीटरपेक्षा रुंद डबा घेत नाहीत, कारण त्याचा मध्य उतरत्या आचेत शिजायचा राहतो. प्लॅस्टिकच्या मुठीचे किंवा झाकणाचे डबे नेऊ नयेत. डबे आणायला जाताना एक जुना टॉवेल, एक रुंद टोपली आणि बिल्ला परत देण्याची आठवण सोबत ठेवावी. गेल्या वर्षीचे माझे दोन बिल्ले अजून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकत आहेत, आणि चाचांनी त्यांची आठवण मला मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, भर गर्दीत करून दिली आहे.